पान्हा आणि दरवाजा

शिवालिकाच्या टेकड्या जेथे आपला चढ सोडून पंजाबच्या सपाट मुलखात विरून जातात, तेथे, चंडीगडच्या वायव्येस, मुल्लानपूर नावाचे गाव आहे. मराठी वाचकाच्या कानी हे नाव पडलेच असेल तर ते तेथील नव्या क्रिकेटच्या मैदानामुळे. परंतु त्या परिसराची जुनी ओळख निराळी आहे. चंडीगड ह्या नावातच चंडी आहे, आणि मुल्लानपूरपासून जवळच, जयंती माजरी गावच्या टेकडीवर, जयंती देवीचे ठाणे आहे. तिच्याविषयी अशी कथा सांगतात की, कांगड्याची एक राजकन्या लग्न होऊन इकडे यावयास निघाली तेव्हा तिची डोली भोयांना काही केल्या उचलेना. मुलीला देवीचा आणि देवीला मुलीचा लळा इतका, की अखेर देवीलाही डोलीत बसवून सासरी धाडावे लागले. आपल्याकडे नव्या नवरीबरोबर पाठराखीण जाते आणि चार दिवसांनी परतते. ही पाठराखीण मात्र परत गेली नाही.

त्याच मुल्लानपुरात 2022 च्या ऑगस्ट महिन्यात होमी भाभा कर्करोग रुग्णालय सुरू झाले. तीनशे खाटांचे हे रुग्णालय म्हणजे मुंबईच्या टाटा स्मारक केंद्राचीच शाखा. 1941 साली परळला टाटांच्या निधीतून उभे राहिलेले आणि 1962 पासून अणुऊर्जा खात्याच्या कारभाराखाली असलेले ते जुने रुग्णालय, आपला एक हात असा पंजाबपर्यंत पोहोचवून बसले आहे. अशा रुग्णालयाच्या फाटकाशी घटकाभर उभे राहिले तर ज्या आया दिसतात त्यांचे वर्णन करावयास विशेषणे लागत नाहीत. एका काखेत मूल, त्याच्या केस गेलेल्या डोक्यावर लोकरीची टोपी, तोंडाला पट्टी; दुसऱ्या हातात प्लास्टिकच्या पिशवीत जपून घातलेली तपासण्यांच्या कागदांची चळत. लहान मुलांत जो रक्ताचा कर्करोग अधिक आढळतो त्याचे उपचार दोन-अडीच वर्षे चालतात, आणि तेवढ्या मुदतीत चौथी-पाचवी शिकलेली बाईसुद्धा रक्तातील पांढऱ्या पेशींचा आकडा वाचावयास शिकते, तो खाली गेला की पाहुण्याला दारातूनच परतवावयास शिकते, आणि मुलाचे अंग किंचित कोमट लागले तरी मध्यरात्री उठून वाट धरावयास शिकते. हे बळ येते कोठून, हा प्रश्न तेथे उभे असताना मनात आल्यावाचून राहत नाही. आणि मराठी मनात तो आला की त्याच्या पाठोपाठ एक नाव येतेच.

हिरकणीची कथा आपण इतक्या लहानपणी ऐकतो की ती तपासून पाहण्याचे वय येईपर्यंत ती आपल्या रक्तात मिसळून गेलेली असते. रायगडाच्या पायथ्याच्या एका वाडीतली ही गवळण. कोजागरीच्या दिवशी दूध घालावयास गडावर गेली, विकण्याच्या नादात तिला वेळेचे भान राहिले नाही, सूर्यास्ताबरोबर दरवाजा बंद झाला, पहारेकऱ्यांनी हुकुमावाचून तो उघडण्यास नकार दिला, आणि घरी पाळण्यात तान्हे बाळ असलेली ती बाई, जेथून कोणी उतरू शकेल असे गडाच्या बांधणाऱ्यालाही वाटले नव्हते, त्या पश्चिमेच्या कड्यावरून चांदण्यात खाली उतरून गेली. समकालीन कागदपत्रांत तिचा उल्लेख आढळत नाही. सभासदाने आपली बखर लिहिताना तिच्यासाठी ओळ खर्चली नाही, आणि दप्तरात तिच्या नावे इनामाचा कागदही नाही. तरीही बुरुजाला तिचे नाव आहे, पायथ्याच्या वाडीला तिचे नाव आहे, आणि ज्या गोष्टीला कागद नाही पण दगड आहे, तिला निव्वळ कल्पित म्हणून बाजूस सारण्याची माझी तरी छाती होत नाही.

दरवाजाचा मुद्दा मात्र खरा आहे. शिवकालीन किल्ल्याचा कारभार हवालदार, सरनोबत आणि सबनीस ह्या तिघांत वाटलेला असे, तो अशासाठी की कोणा एकाच्या मर्जीने किल्ला फितूर होऊ नये. आणि अशा व्यवस्थेत रात्री दरवाजा उघडणे ही दयेची नव्हे, तर जबाबदारीची बाब होते. कथेतला पहारेकरी दुष्ट नव्हता, तो फक्त आपल्या कामाला चोख होता. पुढे महाराजांनी हिरकणीला बोलावून साडीचोळी दिली आणि त्या कड्यावर बुरुज बांधवला, असे आपण सांगतो आणि समाधानाने थांबतो. पण बुरुज कशासाठी? जेथून एक बाई उतरू शकते तेथून शत्रू चढू शकतो, म्हणून. म्हणजे तो बुरुज जसा तिच्या धाडसाचे स्मारक आहे, तसाच तिची वाट कायमची बुजवणारा बांधही आहे. मातेच्या पराक्रमाचा गौरव आणि तिला तो पराक्रम करावयास लावणाऱ्या दरवाजाची तशीच राहिलेली कडी, ह्या दोन्ही गोष्टी आपल्याकडे एकाच चुन्यात बांधल्या जातात. आणि ह्या प्रकरणाचा विषय एका अर्थी तो चुनाच आहे.

परंतु आधी त्या रात्रीच्या बाईकडे जरा जवळून पाहू. सकाळी बाळाला पाजून ती निघाली असेल. तान्ह्या मुलाच्या आईला दोन-तीन तासांनी पाजावे लागते. दिवस मावळेपर्यंत तिची छाती भरून दगडासारखी झाली असेल आणि गडावरच्या कोणाच्या घरात मूल रडले असेल, तर तेवढ्यानेच तिची चोळी भिजली असेल. ह्यात कवीची अतिशयोक्ती काही नाही. मराठीत त्याला पान्हा म्हणतात, आणि जगातील फार थोड्या भाषांना ह्या शरीरधर्मासाठी इतका नेमका शब्द सापडला असेल. गवळ्यांना त्याचे ज्ञान पिढीजात होते. वासरू मेले की त्याचे कातडे पेंढ्याने भरून गाईपुढे ठेवावयाचे, ती ते चाटू लागली की पान्हवते, हे त्यांना ठाऊक होते. दूध सडांत असून भागत नाही, ते सोडण्याचा हुकूम मेंदूकडून यावा लागतो, हे शास्त्रज्ञांनी पुढे सिद्ध केले. हिरकणी स्वतः गवळण होती. दुसऱ्याच्या पोरांचे दूध डोक्यावर वाहून आणणाऱ्या त्या बाईला आपल्या अंगातले दूध काय सांगते आहे हे कोणी समजावून देण्याची गरज नव्हती.

तो हुकूम घेऊन जाणाऱ्या द्रव्याचे नाव ऑक्सिटोसिन. 1906 साली हेन्री डेल ह्या इंग्रज शास्त्रज्ञाने मेंदूच्या तळाशी असलेल्या पियूषिका ग्रंथीच्या अर्काने मांजरीच्या गर्भाशयाचे आकुंचन होते असे दाखवले. त्या अर्काने दूधही सुटते हे थोड्याच वर्षांत ध्यानी आले. आणि 1953 च्या सुमारास अमेरिकेत व्हिन्सेंट द्यू व्हिन्यो ह्याने नऊ अमिनो आम्लांची ती चिमुकली साखळी उलगडून प्रयोगशाळेत जुळवली, ज्याबद्दल त्यास 1955 चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. जे द्रव्य प्रसूतीच्या कळा आणते तेच पान्हा सोडते, आणि तेच, निदान उंदरांत, पिलाच्या रक्षणासाठी आईला अंगावर धावून जाण्याचे धैर्य देण्यातही वाटेकरी असते. एरवी कोपऱ्यात दबून राहणारी उंदरीण व्यायली की आपल्याहून दांडग्या नरावर तुटून पडते, ही गोष्ट प्रयोगशाळेतल्या पिंजऱ्यात वारंवार पाहिली गेली आहे. त्याहून विलक्षण प्रयोग जे रोझेनब्लॅट आणि त्याच्या सहकाऱ्याने केला: नुकत्याच व्यालेल्या उंदरिणीचे रक्त त्यांनी कधी न व्यालेल्या उंदरिणीच्या अंगात सोडले, तेव्हा ती दिवसाच्या आतच परकी पिले गोळा करून घरट्यात नेऊ लागली. वात्सल्य रक्तात असते, ह्या म्हणण्याचा इतका शब्दशः पुरावा मिळेल असे आपल्या आजीबाईंनाही वाटले नसेल.

मात्र ह्याच संशोधकाचा दुसरा प्रयोग मला अधिक मोलाचा वाटतो. त्यात रक्त नव्हते, काही टोचणे नव्हते. कधी न व्यालेल्या माद्यांच्या, इतकेच नव्हे तर नरांच्याही पिंजऱ्यात रोज ताजी पिले ठेवली. पहिले काही दिवस त्यांनी तोंड फिरवले. साधारण आठवडाभराने मात्र तेही पिले चाटू लागले, उचलून घरट्यात ठेवू लागले. म्हणजे प्रसूती हा वात्सल्याचा राजमार्ग खरा. पण पायवाटही आहे, आणि ती सहवासाची आहे.

आता बळाचा प्रश्न. मोटारीखाली सापडलेल्या मुलासाठी आईने मोटार उचलल्याच्या हकिकती परदेशी वृत्तपत्रांत अधूनमधून येतात. त्या तराजूत घालून तोलता येत नाहीत, कारण असा प्रसंग कोणी प्रयोगशाळेत घडवून आणू शकत नाही. पण 1961 साली इकाई आणि स्टाइनहाउस ह्या दोघांनी साध्या माणसांच्या दंडाची ताकद मोजत असता अवचित पिस्तुलाचा बार काढला, कधी त्यांना ओरडावयास सांगितले, कधी संमोहित केले, आणि दर वेळी स्नायूंचा जोर काही टक्क्यांनी वाढलेला आढळला. शरीर आपल्या शक्तीचा काही हिस्सा नेहमीच खजिन्यात राखून ठेवते. भयाच्या घटकेला ती तिजोरी थोडी उघडते, अंगात ॲड्रेनलिन धावते, खरचटल्याची जाणीव बोथट होते. ह्याहून मोठा चमत्कार मानण्यास आधार नाही.

आणि हिरकणीला तो लागलाही नसावा. रोज डोक्यावर घागर घेऊन गड चढणारी, रानात गवत कापणारी, शेळी अडकली तर कपारीत उतरणारी ती बाई होती; कोणता दगड हलतो आणि कोणत्या झुडपाचे मूळ घट्ट आहे हे तिच्या पावलांना पाठ असणार. पुस्तकांतून तिचे चित्र काढणारे तिला डोळे मिटून देवाचा धावा करीत उतरताना दाखवतात, तेव्हा मला राग येतो. ती डोळे चांगले उघडे ठेवून उतरली असली पाहिजे. मायेने तिला निघावयास लावले. उतरवले ते तिच्या कसबाने.

आईचे प्रेम एकटीचे असते, हा आपल्या गोडव्यांतला दुसरा गैरसमज, आणि तो दूर करावयास थोडे रानात जावे लागेल. आपल्या देवळांच्या शिखरांवर बसणारी काळतोंडी वानरे कळपाने राहतात आणि बहुधा एका कळपात एकच प्रौढ नर असतो. धारवाडच्या रानात 1960 नंतरच्या दोन-तीन वर्षांत सुगियामा ह्या जपानी शास्त्रज्ञाने पाहिले की बाहेरचा नर कळप बळकावतो तेव्हा आधीच्या नराची अंगावर पिणारी पिले मारून टाकतो. पुढे सारा हर्डी ह्या विदुषीने अबूच्या पहाडावर वर्षानुवर्षे हेच पाहिले, पण तिने डोळा ठेवला तो माद्यांवर. पिलावर झडप आली की एकटी आई बहुधा हरते, हे तिला दिसले. आणि हेही दिसले की त्या घटकेला मध्ये पडून नराच्या अंगावर जाणाऱ्या पुष्कळदा कळपातल्या थकलेल्या, वीण थांबलेल्या म्हाताऱ्या माद्या असतात. 2009 साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात तिने ह्याचा धागा माणसापर्यंत आणून भिडवला: मानवाचे मूल इतके महाग आहे, इतकी वर्षे परावलंबी राहते, की ते एकट्या आईच्याने कधीच वाढलेले नाही, आजी, मावशी, आत्या, थोरली बहीण ह्यांचे हात नसते तर मनुष्यजातीचा वंश केव्हाच खुंटला असता. मावशी ह्या शब्दात आईचेच नाते आपण सांभाळून ठेवले आहे, हे उगाच नव्हे.

सहवासाची पायवाट किती दूर नेते ह्याचा दाखला आपल्या इतिहासात झाशीला आहे. मणिकर्णिका तांबे, म्हणजे राणी लक्ष्मीबाई, हिचा स्वतःचा मुलगा काही महिन्यांचा असतानाच गेला. 1853 च्या नोव्हेंबरात तिचे पती गंगाधरराव ह्यांनी मृत्यूच्या आदल्या दिवशी पाच वर्षांच्या एका मुलाचे दत्तविधान केले, आणि तो आनंदराव दामोदरराव झाला. डलहौसीने तो वारस नामंजूर करून संस्थान खालसा केले. ह्यानंतरची समरगाथा सर्वांना ठाऊक आहे. तिच्या आधीचे खलिते फारसे कोणी वाचत नाही. पूर्वीच्या तहांची कलमे काढून, इतर संस्थानांत मान्य झालेल्या दत्तकांचे दाखले देऊन, राणीने त्या मुलाचा हक्क कागदावर लढवला. 1854 मध्ये तिने जॉन लँग नावाच्या वकिलाला झाशीस बोलावले. पडद्याआडून बोलणे चालू असता जवळच्या त्या लहानग्याने पडदा बाजूला केला, आणि राणी क्षणभर लँगच्या दृष्टीस पडली. तो प्रसंग त्याने पुढे आपल्या प्रवासवर्णनात नोंदवला. तलवार आणि पाठीशी बांधलेले मूल ह्या पुतळ्यापेक्षा मला ते पडदा ओढणारे पोर अधिक सांगून जाते. राज्य गेले, आई गेली, आणि तो दामोदरराव पुढे इंदुरास इंग्रजांच्या तुटपुंज्या तैनातीवर जगून 1906 साली वारला.

आता पुन्हा दरवाजाकडे. गेल्या शतकाच्या पुष्कळ मोठ्या काळात, अपुऱ्या दिवसांचे वा आजारी बाळ जन्मले की ते काचेच्या पेटीत आणि आई बाहेर बाकावर, हाच रुग्णालयांचा जाबता होता. जंतुसंसर्गाची भीती खरी होती. तेथलाही पहारेकरी आपल्या कामाला चोखच होता. 1978-79 च्या सुमारास कोलंबिया देशात, बोगोटा शहरातल्या सरकारी प्रसूतिगृहात पेट्याच कमी पडल्या, तेव्हा एडगर रे आणि हेक्टर मार्टिनेझ ह्या डॉक्टरांनी बाळे आईच्या उघड्या छातीशी बांधावयास सुरुवात केली. गरजेपोटी काढलेली ती तोड पेटीच्या तोडीस तोड ठरली, आणि पुढे अनेक ठिकाणी सरस. 2021 साली भारतासह पाच देशांत झालेल्या एका मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. त्यात अतिदक्षता विभागात आईचीच खाट टाकली होती, आणि जन्मापासून छातीशी ठेवलेल्या हलक्या वजनाच्या बाळांत पहिल्या महिन्यातले मृत्यू चतुर्थांशाने कमी आढळले. आपल्याकडचे केंद्र दिल्लीचे सफदरजंग रुग्णालय होते. आईला आत घेतले, ह्यापलीकडे त्या उपचारात औषध असे काही नव्हते.

मुंबईत सायनच्या महापालिका रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस ह्यांनी 1989 साली मातृदुग्धपेढी काढली. आशिया खंडातली ती पहिली. एकीचे जास्तीचे दूध घेऊन, 62.5 अंशांवर अर्धा तास तापवून, थिजवून, दुसरीच्या अशक्त बाळाला पाजावयाचे, हा तिचा सारा व्यवहार. दूधभाऊ ही आपल्या इतिहासातली मानाची पदवी. येथे ती बाटलीवर चिकटवलेल्या चिठ्ठीच्या आड, अनामिक होऊन नांदते. आणि गडचिरोलीत, जेथे रुग्णालयाचा दरवाजा उघडा असून उपयोग नव्हता कारण तो लांबच्या वाटेवर होता, तेथे डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग ह्यांनी दरवाजाच घराकडे आणला. गावच्याच बायकांना शिकवून आरोग्यदूत केले. बाळाचे वजन करणे, ऊब राखणे, श्वास मोजणे, जंतुदोषाची लक्षणे ओळखून सुई देणे ही कामे त्यांच्या हाती सोपवली. 39 गावांतल्या ह्या प्रयोगात नवजात बालकांचे मृत्यू सुमारे 62 टक्क्यांनी उतरल्याचा वृत्तांत 1999 साली ‘लॅन्सेट’ ह्या वैद्यकीय नियतकालिकात आला. गडचिरोलीची आई त्याआधी काही कमी माया करीत होती काय? तिच्या मायेला कड्यावरून उतरावे लागत होते, एवढेच.

हिरकणीच्या नावाने आपण पुढे बरेच काही केले. एस.टी.ने आपल्या निमआराम गाड्यांना तिचे नाव दिले. मुलाला पाजण्यासाठी ठिकठिकाणी हिरकणी कक्ष झाले. एका गावी मी पाहिलेल्या अशा कक्षाला कुलूप होते. किल्ली ज्याच्याकडे होती तो जेवावयास गेला होता, आणि बाहेर एक तरुण बाई पदराआड मूल घेऊन भिंतीकडे तोंड करून उभी होती.

मुल्लानपूरसारख्या ठिकाणी बाहेरगावाहून येणाऱ्या आईपुढचा दरवाजा रुग्णालयाचा नसतो. तो रात्री मुलाला घेऊन निजावयाचे कोठे, हा असतो. मुंबईत हाच प्रश्न परळच्या पदपथांवर वर्षानुवर्षे उघडा पडलेला होता. 2006 साली तेथे सेंट ज्यूड नावाच्या संस्थेने कर्करोगाच्या मुलांसाठी आणि त्यांच्या आईबापांसाठी विनामूल्य घरे सुरू केली. त्यांत प्रत्येक कुटुंबाला स्वच्छ जागा आणि सामाईक स्वयंपाकघरात आपले जेवण आपण रांधण्याची सोय असते. औषधांनी तोंडाची चव गेलेल्या मुलाला आपल्या हातची पातळ खिचडी भरवता येणे, ही गोष्ट उपचारांच्या तपशिलात कोठेही लिहिलेली नसते. पण ज्या आईने दोन वर्षे परमुलखात काढली आहेत तिला विचारा, ती चुलीपासूनच सांगावयास सुरुवात करील.

रायगडावर आता दोरावरच्या पाळण्यात बसून चार-पाच मिनिटांत जाता येते, आणि तो पाळणा सुटतो हिरकणीवाडीतूनच. चौदाशेच्या वर पायऱ्यांची वाटही चालू आहे. तिच्या वळणावळणांवर पायथ्याच्या वाड्यांतल्या बायका ताक, दही आणि लिंबाचे सरबत घेऊन बसतात. पहाटे चढतात, उन्हे कलली की आवरावयास लागतात. मी ताक प्यालो ती बाई पेला धुता धुता दोनदा सूर्याकडे पाहून गेली. मडक्यात तळाशी अजून चार पेले ताक होते. तिने ते सुट्ट्या पैशांचा घोळ न घालता शेजारणीच्या हंड्यात ओतले, चुंबळ डोक्यावर ठेवली, आणि पोर शाळेतून येऊन बसले असेल म्हणाली.